नव्या डेस्कटॉपच्या पंख्यांचा घुमणारा आवाज ध्वनिमुद्रणात येतोय, काय करावं?

वाचकबाई (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षिका आहे, मराठी आणि इतिहास शिकवायची. माझा एक जुना विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहे. आता तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला लागणारी पुस्तकं मी वाचून ध्वनिमुद्रित करते आणि त्याला पाठवते. चार वर्षं हे काम लॅपटॉपवर बिनबोभाट चाललं. दिवाळीनंतर लॅपटॉपनं मान टाकली, दुरुस्तीचा खर्च ऐकून मी डेस्कटॉप जुळवून घ्यायचं ठरवलं.

रायझन ५ ५६००जी, गिगाबाइटचा बी५५०एम बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेट दुकानदारानंच निवडलं. पुढून काळी काच, डाव्या बाजूलाही काच, पुढे तीन आणि मागे एक असे रंगीत दिव्यांचे चार पंखे. प्रोसेसरवर त्याच्याच खोक्यातून आलेला पंखा आहे. मशीन उत्तम चालतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

त्रास आवाजाचा आहे. दिवसा कळतही नाही. पण मी रात्री साडेदहानंतर वाचते. खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, फ्रीजसुद्धा तेवढा वेळ बंद ठेवते. त्या शांततेत हा आवाज अंगावर येतो. आणि तो एकसारखा नाही. हूंऽऽ असा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मी घड्याळ लावून मोजलं, साधारण दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. याशिवाय मध्येच प्रोसेसरचा पंखा एकदम जोरात फिरतो आणि पाच-दहा सेकंदांत शांत होतो. फाइल उघडली, ब्राउझर उघडला की हमखास.

सध्या गळीत हंगाम चालू आहे, आमच्या रस्त्यावरून रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांचं काही वाटत नाही. ट्रॅक्टर आला की मी थांबते, गेला की तेच वाक्य पुन्हा वाचते. हा आवाज मात्र जातच नाही. आणि माझा विद्यार्थी ऐकताना वेग दुप्पट ठेवतो, दृष्टिहीन मुलं बहुतेक तसंच ऐकतात. त्यामुळे माझ्याकडचा दोन सेकंदांचा हेलकावा त्याच्या कानात सेकंदाला एक असा आदळतो. तो कधी तक्रार करणारा मुलगा नाही. परवा म्हणाला, "बाई, एका प्रकरणानंतर डोकं जड होतं." तेव्हापासून मी नवीन काही पाठवलेलं नाही. त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे.

ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा आवाज कमी करायची सोय आहे, ती वापरून पाहिली. सरळ गुणगुण निघून जाते, पण हेलकावा उरतो, आणि वर माझा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. कॅबिनेटवर घोंगडी टाकून पाहिली, थोडा फरक पडला. दुकानात दोनदा गेले. "पंखे आहेत म्हटल्यावर आवाज यायचाच, सवय होईल" असं उत्तर मिळालं. मला सवय होईलही, पण माझ्या विद्यार्थ्यानं का सवय करून घ्यायची?

आणखी एक गोष्ट सांगते, उपयोगी आहे की नाही माहीत नाही. मी थोडं गाणं शिकले आहे. हार्मोनियमवर खालच्या सप्तकातली काळी एक दाबली की पंख्यांची गुणगुण तंतोतंत तिच्यात मिसळते.

पनवेलकर

ताई, ती घोंगडी आधी काढा. आतली हवा तापली की पंखे आणखी जोरात फिरणार, आणि एखाद दिवशी मशीन आपोआप बंद पडेल.

आवाजाचं म्हणाल तर प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून टाका आणि १२० मिमी पंख्याचा चांगला टॉवर कूलर घ्या. बजेट असेल तर सरळ लिक्विड कूलर. माझ्याकडे लिक्विड आहे, रात्री मशीन चालू आहे की बंद ते दिवा बघून कळतं.

वाचकबाई (कोल्हापूर)

घोंगडी काढली, धन्यवाद. कूलर बदलायची तयारी आहे, पण हेलकावणारा आवाज प्रोसेसरच्या पंख्याचाच आहे हे कसं ओळखायचं? आधीच एकदा पैसे घातलेत, दुसऱ्यांदा अंदाजानं घालायचे नाहीत.

मिरजकर

बाई, नमस्कार. तुम्ही शेवटी लिहिलेली काळी एकची गोष्ट सगळ्यात उपयोगी आहे. आमच्या घरात तानपुरे बनतात, मी दुकानाचा हिशेब आणि घरातले कॉम्प्युटर बघतो, त्यामुळे हा आवाज मला लिहिलेला वाचूनच ऐकू आला.

तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा मिळवताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही षड्जाच्या, पण एक केसभर उतरलेली असली की आवाज लाटांसारखा येतो. जवळ आणत गेलं की लाटा लांबतात, आणि पूर्ण मिळाल्या की लाट जाते. तुमच्या कॅबिनेटमध्ये हेच चाललंय. दोन पंखे जवळजवळ एकाच वेगानं फिरताहेत, पण अगदी एकाच नाही.

आता हिशेब बघा. खालच्या सप्तकातली काळी एक साधारण १३८ ते १४० हर्ट्झची. असल्या पंख्यांना बहुतेक सात पाती असतात (तुमच्या पंख्याची मोजून खात्री करा). एका फेरीत सात वेळा हवा कापली जाते, म्हणजे १४० भागिले ७, सेकंदाला २० फेऱ्या, मिनिटाला १२००. १२० मिमीचा साधा पंखा पूर्ण ताकदीनं फिरतो तो साधारण एवढाच. दुसरा पंखा १२०० ऐवजी १२०४ नं फिरत असेल तर त्याचा सूर १४०.५ हर्ट्झ होतो. अर्ध्या हर्ट्झचा फरक, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक लाट. तुम्ही घड्याळ लावून मोजलीत तीच. मिनिटाला चार फेऱ्यांचा फरक तुमच्या कानानं पकडला.

यावरून मला तरी वाटतं की हेलकावा प्रोसेसरच्या पंख्याचा नाही. तो एकटा आहे आणि लहान आहे, त्याला जोडीदार नाही. हे पुढच्या तीन पंख्यांचं काम आहे. कूलर बदलला असतात तर पैसेही गेले असते आणि हेलकावाही राहिला असता.

खात्रीसाठी वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा. एक टोक कानाला, दुसरं प्रत्येक पंख्याजवळ, पात्यांपासून चार बोटं लांब. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं ऐका. मग पुढची काच निघत असेल तर ती काढून ऐका. काच आणि पंख्यांमध्ये दोन बोटांचीच फट असते, हवा तिथून ओढून घ्यावी लागते आणि सूं असा वेगळा आवाज होतो. काच काढल्यावर तो कमी झाला तर तेही कळेल.

सोल्डरगन (नाशिक)

मिरजकरांशी पूर्ण सहमत. लाटेचा हिशेब मी कधी असा मांडला नव्हता, पण अशी मशीन्स महिन्याला दोन-तीन येतात माझ्याकडे. कॅबिनेटबरोबर आलेले पंखे दुकानात घाईघाईत थेट एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मोलेक्सला जोडतात. मोलेक्स म्हणजे ते चार भोकांचं मोठं पांढरं कनेक्टर, पिवळी, लाल आणि दोन काळ्या वायरी असतात. तिथून पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात. मशीन थंड असो की गरम, पंखा पूर्ण वेगात. बोर्डाला त्याचा पत्ताच नसतो. मोलेक्सला जोडणं चुकीचं नाही, चालतं. पण गिऱ्हाइकाला न सांगता असं सोडून देणं मला पटत नाही. दोन वायरी बदलायला दहा मिनिटं लागतात.

बाई, मशीन बंद करा, मागचं एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. बाजूची काच काढलीत की ती गादीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवा, फरशीवर नको. टेम्पर्ड काचेची कड फरशीला टेकली की अख्ख्या काचेचा चुरा होतो. माझ्या हातून एकदा झालाय.

मग पंख्यांच्या वायरी शोधा. बऱ्याच पंख्यांना दोन शेपट्या असतात, एक मोलेक्सची आणि एक तीन भोकांची छोटी. छोटी असेल तर ती बोर्डावर सिस फॅन असं लिहिलेल्या पिनांवर बसते. बोर्डावर चार पिना दिसतील, तीन भोकांचं कनेक्टर त्यावर एकाच बाजूनं बसतं, जोर लावू नका. दोन्ही शेपट्या एकाच वेळी जोडायच्या नाहीत.

आता माझं स्पष्ट मत. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड नाही. त्याला पुढून एक आणि मागून एक पंखा पुष्कळ झाला. पुढचे तीन पंखे दिव्यांसाठी आहेत. त्यातल्या वरच्या दोघांच्या वायरी काढून टाका, खालचा चालू ठेवा. पंखे कमी झाले की जोडीही कमी झाली. जे दोन उरतील ते मुद्दाम वेगवेगळ्या वेगावर ठेवा, पुढचा साडेसहाशेच्या आसपास, मागचा आठशेच्या आसपास. सूर इतके लांब गेले की ती हळू लाट येत नाही. वेग १२०० वरून ७०० वर आणला तर आवाज साधारण १२ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला निम्मा वाटतो. हवा मात्र निम्म्याहून जास्तच येत राहते.

प्रोसेसरचा पंखा मध्येच भुंकतो ते वेगळं आहे. हे प्रोसेसर फाइल उघडताना क्षणभर १५-२० अंशांनी चढतात आणि लगेच उतरतात. पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन (डिलीट दाबत मशीन चालू करा, मग एफ६) किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरेल तो आलेख बदला. ६० अंशांपर्यंत ३५ टक्के सपाट ठेवा, ७० ला ५०, ८० ला ७५, ८५ नंतर पूर्ण. ५६००जीची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तिथेच टेंपरेचर इंटरव्हल असेल, तो ३ करा, म्हणजे तीन अंशांच्या आतल्या चढउताराकडे पंखा लक्ष देणार नाही. शेवटी एफ१० दाबून जतन करा.

पनवेलकरांनी सांगितलेला टॉवर कूलर चांगलाच असतो, पण तो बदलायची पाळी आली तर एकट्यानं करू नका. तुमच्यासारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली पिना असतात, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं मशीन राबवून गरम करायचं, बंद करायचं, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा.

पनवेलकर

हे बरोबर आहे, माझा एक प्रोसेसर असाच उपटून आला होता, दोन पिना वाकल्या. ताई, आधी पंख्यांचंच बघा.

वाचकबाई (कोल्हापूर)

आज रविवार, दुपारी बसले. आधी पाती मोजली, सातच आहेत. मिरजकर, तुमचा हिशेब वाचून मी रात्री पुन्हा हार्मोनियम काढली आणि खात्री केली.

वर्तमानपत्राची सुरळी घेऊन ऐकलं. प्रोसेसरचा पंखा आपला बारीक सूंसूं करत होता, त्यात लाट नव्हती. पुढच्या तीनपैकी प्रत्येकाशी सुरळी नेली तर प्रत्येक एकटा सरळ वाजत होता! सुरळी बाजूला केली की हेलकावा. तिघं एकेकटे निर्दोष आणि एकत्र आले की असे. पुढची काच काढल्यावर सूं असा जो वारा होता तो बराच कमी झाला, म्हणून काच सध्या काढूनच ठेवली आहे. आत बारीक जाळी आहे, धूळ तिथे अडेल असं दिसतं.

बाजूची काच गादीवर ठेवली. आत पाहिलं तर सोल्डरगन म्हणाले तसंच. चारही पंख्यांच्या मोलेक्स शेपट्या एकात एक खोचून शेवटी एसएमपीएसला लावलेल्या, आणि तीन भोकांची छोटी कनेक्टरं प्लास्टिकच्या पट्टीनं एका जुडीत आवळून मागे कोंबलेली. पट्टी कापायला नखं कापायची कात्री वापरली, वायरीला लागू नये म्हणून खाली पोस्टकार्ड सरकवलं. वरचे दोन पंखे सोडवून ठेवले. खालचा सिस फॅन १ ला, मागचा सिस फॅन २ ला. पहिल्यांदा कनेक्टर उलटं धरलं होतं, बसेना, मग खाच दिसली.

मशीन चालू केलं. हेलकावा गेला. मी अर्धा मिनिट नुसती उभी राहून ऐकत होते.

पण दोन्ही पंखे अजून पूर्ण वेगात आहेत. बायोसमध्ये आलेख खाली ओढला, ५० टक्के केलं, जतन केलं, तरी स्क्रीनवर ११९० आणि १२०८ असेच आकडे. प्रोसेसरचा पंखा मात्र ऐकतो, तो शांत झाला. याचं काय करू?

सोल्डरगन (नाशिक)

छान काम केलंत. हे सोपं आहे. तुमचे पंखे तीन वायरींचे आहेत. चार वायरींच्या पंख्याला बोर्ड चौथ्या वायरीवरून वेग सांगतो, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन वायरींच्या पंख्याला चौथी वायरच नाही, त्यामुळे तो निरोप पोचत नाही आणि १२ व्होल्ट पूर्ण मिळत राहतात. त्याच एफ६च्या पानावर, सिस फॅन १ निवडून, फॅन कंट्रोल मोड शोधा. तिथे पीडब्ल्यूएम किंवा ऑटो असेल, ते बदलून व्होल्टेज करा. सिस फॅन २ लाही तेच. मग बोर्ड व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलेल. फक्त ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नका, असे पंखे कमी व्होल्टवर चालू होताना अडखळतात.

मिरजकर

आणि बाई, कॅबिनेट टेबलावर असेल तर खाली उतरवा. टेबलाची फळी तानपुऱ्याच्या तबलीसारखी वाजते, माइकचं स्टँड त्याच टेबलावर असेल तर कंप थेट माइकमध्ये चढतो. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दुहेरी तुकडे ठेवा, फक्त पायांखाली, तळाची जाळी झाकू नका. माइक एका बाजूनं ऐकणारा असेल तर त्याची पाठ कॅबिनेटकडे करा.

ऑडॅसिटीत न बोलता दहा सेकंद ध्वनिमुद्रण करून आकडा बघा. एसीएक्सकडे (ऑडिओबुक प्रकाशित करणारी ऑनलाइन सेवा) ऑडिओबुक द्यायचं असेल तर ही शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली लागते. तुमच्या कामाला तो नियम नाही, पण माप म्हणून चांगलं आहे.

वाचकबाई (कोल्हापूर)

व्होल्टेज केल्याबरोबर पंखे उतरले. आता पुढचा ६६० आणि मागचा ८१० दाखवतो. कॅबिनेट खाली ठेवलं, ट्यूबचे तुकडे समोरच्या पंक्चरवाल्यानं कापून दिले, पैसे घेतले नाहीत. माइकची पाठ आता कॅबिनेटकडे आहे. आधी माझी खुर्ची आणि कॅबिनेट माइकच्या एकाच बाजूला होते, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आकडे देते. घोंगडी काढल्यावर, काहीही न बदलता, शांततेचा आकडा उणे ४७ होता. दोन पंखे सोडल्यावर उणे ५१. वेग उतरवल्यावर उणे ५७. कॅबिनेट खाली आणि माइक फिरवल्यावर उणे ६१ ते ६२. एक रुपयाही खर्च झाला नाही.

तापमानही पाहिलं. अर्धा तास ध्वनिमुद्रण करताना प्रोसेसर ४६ ते ५२ अंशांत राहिला. मग मुद्दाम लांबलचक फाइल एमपी३ करायला लावली तेव्हा ७१ पर्यंत गेला आणि पंखा ऐकू आला, पण ते मी वाचून झाल्यावर करते, त्यामुळे हरकत नाही.

काल रात्री महात्मा फुले यांच्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं आणि पाठवलं. आज सकाळी त्याचा फोन आला. दुप्पट वेगानं पूर्ण ऐकलं म्हणाला, आणि विचारलं, "बाई, खोली बदललीत का?" उरलेली प्रकरणं महिनाअखेरीपर्यंत पुरी करते.

एकच शंका राहिली. मे महिन्यात माझी खोली रात्रीसुद्धा ३२-३३ अंशांवर असते आणि छताचा पंखा बंद ठेवावा लागतो. तेव्हा हे दोन पंखे पुरतील का?

सोल्डरगन (नाशिक)

पुरतील. खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं. आज ५२ असेल तर तेव्हा ६०-६२ धरा. तुमचा आलेख ६० ला वळतो, म्हणून एप्रिलमध्ये तो वळण-बिंदू ६६-६७ वर न्या, म्हणजे वाचताना पंखा उठणार नाही. त्याआधी पुढची जाळी काढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. पंखे पुसताना पातं बोटानं धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्यानं फिरू देऊ नका.